खाल्ल्या मिठाची गोष्ट : एक फ्रेंच जनरल आणि आपले गारदी

सातवीच्या वर्गात एका मुलाने मला विचारलं, "मॅडम, गारदी म्हणजे आपलेच लोक ना?"

उर्दू माध्यमाची शाळा, मराठीचा तास. धडा दुसराच चालू होता. प्रश्न कुठून आला ते मधल्या सुट्टीत कळलं. आदल्या दिवशी नदीकाठच्या मैदानावर क्रिकेट खेळताना भांडण झालं होतं आणि दुसऱ्या संघातल्या कुणीतरी त्याला "ए गारद्या" म्हटलं होतं. त्या पोराला शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, पण शिवी आहे एवढं कळलं होतं. शिवी कळायला अर्थ लागतोच असं नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. राहते कन्हानला, शिकवायला जाते पुलापलीकडे कामठीकडे. त्या संध्याकाळी नदी ओलांडताना डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. दोन्ही भाषांत प्रामाणिकपणाची व्याख्या मिठाने केली आहे. उर्दूत नमकहलाल आणि नमकहराम, मराठीत खाल्ल्या मिठाला जागणं. मग मराठ्यांचं मीठ खाऊन त्याला न जागलेल्यांची यादी करायची झाली तर तिच्यात सगळ्यात वर कोण येईल? मला जे नाव सुचलं ते कोणत्याही खानाचं नाही. ते आहे पिएर क्युलिए ऊर्फ जनरल पेराँ. आणि त्याच्या नावाची शिवी मराठीत नाही.

हा पेराँ फ्रान्समधल्या एका कापड व्यापाऱ्याचा मुलगा. १७८० च्या सुमारास फ्रेंच आरमारातून हिंदुस्थानात आला आणि जहाज सोडून पळाला. इकडेतिकडे नोकऱ्या करत, गोहदच्या राण्याकडे, भरतपूरकडे असं करत १७९० मध्ये महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेत लागला. त्या फौजेचा उभारणारा बेन्वा द बॉयन. त्याला आपल्याकडे सरसकट फ्रेंच म्हणतात, पण तो सव्हॉयचा, म्हणजे तेव्हाच्या सार्डिनियाच्या राज्यातला. पाटण आणि मेडता या १७९० च्या दोन लढायांत द बॉयनच्या पलटणींनी राजपुतांच्या घोडदळाला जे पाणी पाजलं, त्याने उत्तर हिंदुस्थानात महादजींचं नाणं खणखणीत वाजू लागलं. पेराँ त्याच्या हाताखाली वर चढला. १७९२ मध्ये कनौंडच्या वेढ्यात हातबॉम्ब फुटून त्याचा एक हात गेला. तरी नोकरी सोडली नाही. माणूस शूर होता, यात शंका नाही. मी त्याला भित्रा ठरवायला बसलेले नाही.

पुढे आपल्या महाराष्ट्रात घडलेला प्रसंग. ११ मार्च १७९५, खर्डा. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात. एका बाजूला पेशवे, शिंदे, होळकर आणि आमच्या नागपूरचे दुसरे रघुजी भोसले. दुसऱ्या बाजूला हैदराबादचा निजाम. शाळेत हे मराठे विरुद्ध निजाम एवढंच शिकवतात, आणि मुलं आपोआप त्याचं हिंदू विरुद्ध मुसलमान करून घेतात. पण शिंद्यांच्या कवायती पलटणी लढवत होता पेराँ, आणि निजामाच्या लढवत होता मिशेल रेमाँ. दोघेही फ्रेंच. मायदेशात राजाचं डोकं उडवून दोनच वर्षं झालेली, आणि ही दोन माणसं मराठवाड्याच्या वेशीवर एकमेकांवर तोफा डागत होती. दोघांच्या हाताखाली जे शिपाई मरत होते त्यांत दोन्हीकडे हिंदूही होते आणि मुसलमानही. रेमाँच्या पायदळाने टिकाव धरला होता, पण निजामानेच माघार घेतली आणि खर्ड्याच्या किल्ल्यात जाऊन बसला.

रेमाँ १७९८ मध्ये हैदराबादलाच वारला. माझी मावशी हैदराबादला राहते. तिच्याकडे गेलं की मेट्रोत एका स्थानकाचं नाव ऐकू येतं, मुसारामबाग. हा मुसाराम म्हणजे मुस्यू रेमाँ. तिथले मुसलमान त्याला मुसा रहीम म्हणत आणि हिंदू मुसा राम म्हणत. दोघांनीही त्याला आपापल्या उच्चारात घरात घेतलं. पूर्वी त्याच्या बरसीला कबरीवर दिवे लावायचे. एका गोऱ्या परधर्मी भाडोत्री सेनापतीच्या कबरीवर, हैदराबादचे लोक. मला हे ऐकून नेहमी बरं वाटतं, आणि थोडा हेवाही वाटतो.

पेराँच्या वाट्याला दिवे आले नाहीत. द बॉयन १७९५ च्या अखेरीस निवृत्त झाला, नंतर मायदेशी गेला, आणि १७९६ पासून पेराँ शिंद्यांच्या सगळ्या कवायती फौजेचा मुख्य झाला. महादजी १७९४ मध्येच पुण्याजवळ वानवडीला वारले होते. गादीवर होते दौलतराव, वय विशीच्याही आत. गंगा-यमुनेच्या दुआबातली मोठी जहागीर, अलीगढचा किल्ला, दिल्लीच्या बादशहावर पहारा, हे सगळं पेराँच्या हाती. दौलतराव पुण्यात सासरे सर्जेराव घाटग्यांच्या नादाने कारभाराचा चुथडा करत होते आणि उत्तरेत हा एकहाती सेनापती जवळपास राजा झाला होता.

इथे नेपोलियन येतो. तो स्वतः कधी आला नाही, पण त्याच्या सावलीनेच काम केलं. १७९८ मध्ये तो इजिप्तमध्ये उतरला, तिथून त्याने टिपू सुलतानाला पत्र लिहिलं. १८०३ मध्ये त्याने जनरल दकाँ याला हिंदुस्थानाकडे पाठवलं. दकाँ पाँडिचेरीला पोचला, पण तिथे इंग्रजांचा पहारा बघून मॉरिशसला निघून गेला. गव्हर्नर जनरल वेलस्लीला एवढं पुरे होतं. यमुनेकाठी फ्रेंचांचं राज्यच उभं आहे आणि त्याचा राजा पेराँ आहे, असं चित्र त्याने लंडनला रंगवलं. आता गंमत बघा. इंग्रज ज्याला नेपोलियनचा हस्तक म्हणून घाबरत होते, त्या पेराँची स्वतःची मोठी कमाई कंपनी सरकारकडेच गुंतवलेली होती असं इंग्रज लेखकच लिहून गेलेत. देशभक्त वगैरे तो कुणाचाच नव्हता.

ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध पेटलं. इंग्रजांनी जाहीरनामा काढला, शिंद्यांच्या नोकरीतले जे युरोपियन इकडे येतील त्यांना आम्ही पेन्शन देऊ. २९ ऑगस्टला जनरल लेक अलीगढपाशी आला. पेराँचं घोडदळ फारसं न लढता मागे सरलं. पेराँ तिथून निघाला आणि थोड्याच दिवसांत त्याने लेककडे इंग्रजी मुलखातून सुखरूप जाऊ देण्याची परवानगी मागितली. परवानगी मिळाली. माणूस लखनौमार्गे बंगालकडे, आणि १८०६ मध्ये फ्रान्सला. तिथे वाडा घेतला, मुलींची लग्नं बड्या घराण्यांत केली, १८३४ पर्यंत जगला.

मागे काय राहिलं ते सांगायला हवं. अलीगढचा किल्ला ४ सप्टेंबरला पडला. दरवाज्याची वाट इंग्रजांना दाखवली ल्यूकन नावाच्या आयरिश अधिकाऱ्याने, जो थोड्याच दिवसांपूर्वीपर्यंत शिंद्यांच्याच नोकरीत होता. आतले शिपाई मात्र खोलीखोलीतून लढले आणि शेकड्यांनी मेले. ११ सप्टेंबरला दिल्लीपाशी लढाई झाली, तिथला फ्रेंच सेनापती बुर्क्याँ हरला आणि दोन-तीन दिवसांत शरण गेला. २३ सप्टेंबरला असई, आजच्या जालना जिल्ह्यात. तिथे गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ आर्थर वेलस्ली होता, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून वॉटर्लूला खुद्द नेपोलियनला हरवणार होता. असईला शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशीच मेले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून मागून तोफा डागू लागले. वेलस्लीची दीड हजारावर माणसं मेली किंवा जखमी झाली. आयुष्यातली सर्वांत चांगली लढाई कोणती असं म्हातारपणी त्याला विचारलं तेव्हा त्याने वॉटर्लू म्हटलं नाही, असई म्हटलं, असं सांगतात.

(गोलंदाज हा शब्द आता फक्त क्रिकेटच्या बातम्यांत उरला. माझ्या विद्यार्थ्यांना वाटतं तो क्रिकेटसाठीच बनवलाय.)

आणि १ नोव्हेंबरला लासवारी, अलवरजवळ. इथे शिंद्यांच्या पलटणींवर एकही फ्रेंच साहेब उरला नव्हता. सगळे पेन्शनीला किंवा कैदेत. पलटणी आपल्याच सुभेदार-जमादारांच्या हाताखाली उभ्या राहिल्या आणि इतक्या जिद्दीने लढल्या की त्या दिवसाबद्दल लेकने वरिष्ठांना कळवलं की यांना फ्रेंच सेनापती असते तर निकाल काय लागला असता सांगता येत नाही. मला लेकचं म्हणणं अर्धवट वाटतं. फ्रेंच सेनापती असते तर ते पळाले असते, आधीच्या दोन महिन्यांत त्यांनी तेच केलं होतं. हजारो माणसं तिथे पडली. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. त्यांत किती राम होते आणि किती रहीम, ते मोजायला माझ्याकडे काही साधन नाही आणि मोजायची इच्छाही नाही.

आता गारद्यांकडे येते.

गारदी हा शब्द गार्द म्हणजे पहारा, यावरून आला. फ्रेंच बुसीने दक्षिणेत जी कवायती पायदळाची तालीम सुरू केली तिच्यात तयार झालेले शिपाई ते गारदी. ते कोणत्याही जातीचे, कोणत्याही धर्माचे असत. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि तो शब्द कायमचा काळा झाला. पण त्या खुन्यांचा म्होरक्या होता सुमेरसिंग. दुसरा खरगसिंग. तिसरा महंमद इसफ. सोबतीला तुळ्या पवार. आणि पत्रात 'ध' चा 'मा' झाला तो राघोबादादांच्या घरातून. एवढ्या सगळ्या नावांतून मैदानावरच्या त्या पोरापर्यंत फक्त एकच नाव कसं पोचलं, याचं उत्तर गारद्यांकडे नाही, आपल्याकडे आहे.

इथे माझे बरेच वाचक म्हणतील, मॅडम, त्या मुलाला इब्राहीमखान गारद्याची गोष्ट सांगायची. सांगितली. निजामाकडून भाऊसाहेबांकडे आलेला, पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला डाव्या बाजूने रोहिल्यांची फळी फोडणारा, आपली बहुतेक माणसं गमावून जखमी अवस्थेत पकडला गेलेला आणि अब्दालीच्या कैदेत हाल होऊन मेलेला इब्राहीमखान. दर १४ जानेवारीला आपल्या लोकांच्या ग्रुपवर त्याच्यावरचा मेसेज फिरतो, खाली लिहिलेलं असतं, "हे पण सांगा जगाला". मी तो मेसेज पुढे पाठवणं दोन वर्षांपूर्वी बंद केलं.

कारण सांगते. कुणी गद्दार म्हटलं की आपण खिशातून इब्राहीमखान काढून दाखवायचा, जसं चौकीवर ओळखपत्र दाखवतात. मग पुढचा माणूस मुजफ्फरखान गारदी काढतो, ज्याने १७५९ मध्ये याच भाऊसाहेबांना मारायचा डाव केला आणि त्यापायी जीव गमावला. तो खोटा नाही. तोही होता. मग आपण आणखी एक चांगला खान शोधायचा. या खेळात आपण कधीच जिंकणार नाही, कारण खेळाचा नियमच असा की तपासणी फक्त आपली व्हायची. पेराँमुळे फ्रेंचांची होत नाही, ल्यूकनमुळे आयरिशांची होत नाही, सुमेरसिंगामुळे कुणाचीच होत नाही.

आणि इब्राहीमखानाच्या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग त्या मेसेजमध्ये नसतोच. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज पंडित पानिपतावर हजर होता, त्याने तो लिहून ठेवलाय. लढाईच्या सकाळी इब्राहीमखान भाऊसाहेबांपुढे गेला आणि म्हणाला, त्याचा आशय असा, की माझ्या माणसांचा पगार वेळेवर मिळावा म्हणून मी सतत हट्ट धरला, त्याचा तुम्हाला राग आहे. आता खजिना लुटला गेल्यामुळे या महिन्याचा पगार मिळालेलाच नाही. असू दे. आजपर्यंत घेतलेला पगार फुकट घेतला नव्हता, हे आज दाखवतो.

मी हा उतारा पहिल्यांदा वाचला तेव्हा हसले आणि मग पुस्तक बाजूला ठेवून बसून राहिले. बीएड झाल्यावर मी सात वर्षं तासिका तत्त्वावर काम केलंय. एका संस्थेत तर आठ महिने पगार झाला नव्हता, आणि विचारायला गेलं की ऐकावं लागे, "तुमच्यात संस्थेबद्दल आपुलकी नाही." पगार मागणारा माणूस निष्ठावान नसतो, ही समजूत तेव्हापासून आजपर्यंत तशीच आहे. माझे अब्बा कोळशाच्या खाणीत होते. ते म्हणायचे, मजदुरी मागणं म्हणजे नमकहरामी नव्हे. मजूर घाम सुकायच्या आत मजुरी मागू शकतो, हे त्यांनी लहानपणीच आमच्या मनात बसवलं होतं.

म्हणून मला पेराँचा रागही एका मर्यादेपलीकडे येत नाही. त्याला पगार वेळेवर मिळत होता, भरपूर मिळत होता, आणि तो गेला. पण ज्या दिवशी तो गेला त्याच सुमारास दौलतरावांनी त्याच्या जागी अंबाजी इंगळ्यांना नेमल्याची बातमी त्याच्यापर्यंत आली होती. कंत्राट संपलं, माणूस निघाला. मुळात द बॉयननेच नोकरी धरताना इंग्रजांविरुद्ध लढणार नाही अशी अट घातली होती, असं सांगतात. ज्या शत्रूशी उद्या गाठ पडणार हे आंधळ्यालाही दिसत होतं, त्याच शत्रूबद्दल सेनापतीची ही अट महादजींसारख्या शहाण्या माणसाने चालवून घेतली. दोष कुणाचा?

माझं मत असं की आपल्या सत्ताधाऱ्यांनी तोफा ओतायला शिकून घेतलं, बंदुका बनवायला शिकून घेतलं, आग्र्याला कारखाना काढला, पण पलटण चालवणारा अधिकारी घडवायची शाळा काढली नाही. तेवढं एक काम बाहेरच्यांवर सोपवलं. लासवारीच्या सुभेदारांनी दाखवून दिलं की माणसं होती. त्यांना कुणी जनरल केलं नाही. खालच्या जागेवर ठेवून त्यांच्याकडून मरणाची अपेक्षा केली, आणि वरच्या जागा गोऱ्यांना दिल्या. यशवंतराव होळकरांनी पुढे आपल्या पदरचे इंग्रज अधिकारी कंपनीविरुद्ध लढेनात म्हणून १८०४ मध्ये त्यांची डोकी उडवली. काही जणांना ही गोष्ट फार आवडते. मला त्यात पराक्रम दिसत नाही, उशीर दिसतो.

हे सगळं दूर उत्तरेत घडलं असं वाटत असेल तर नकाशा बघा. १८०३ चं युद्ध आमच्या विदर्भात येऊन संपलं. अकोला जिल्ह्यातल्या अडगावला २९ नोव्हेंबरला भोसल्यांची फौज हरली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ डिसेंबरला देवगावला भोसल्यांनी तह केला आणि कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगावला शिंद्यांनी तह केला. दोन्ही तहांत एक कलम आहे, यापुढे कोणाही फ्रेंच माणसाला नोकरीत ठेवायचं नाही. जे स्वतःहून पळाले त्यांना काढून टाकण्याचं लेखी वचन इंग्रजांनी घेतलं.

चौदा वर्षांनी सीताबर्डी. १८१७ च्या नोव्हेंबरात टेकडीवर लढाई झाली, १६ डिसेंबरला अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या स्वाधीन झाले. भोसल्यांच्या पदरी अरब शिपाई होते, भाडोत्रीच. राजा शरण गेल्यावरही ते नागपूर शहर धरून बसले, इंग्रजांचा एक हल्ला परतवला, आणि ३० डिसेंबरला आपली बायकापोरं, सामान आणि जीव यांची हमी घेऊनच बाहेर पडले. त्यांनाही मी इब्राहीमखानाच्या शेजारी चौकटीत बसवणार नाही. ते लढले, त्यांनी सौदा केला, ते गेले. माणसं अशीच असतात. त्यानंतर १८२१ मध्ये इंग्रजांनी कन्हान नदीच्या काठावर छावणी घातली, तीच कामठी. आज तिथल्या मुसलमान मोहल्ल्यांतली पोरं माझ्याकडे मराठी शिकायला येतात.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात धडा बाजूला ठेवला. फळ्यावर खर्डा काढलं, दोन्ही बाजूंना एकेक फ्रेंच माणूस काढला. मुलं हसली. हात तुटलेला जनरल त्यांना फार आवडला. मग सुमेरसिंग, मग राघोबादादा, शेवटी इब्राहीमखान आणि त्याची ती सकाळ. "ए गारद्या" ऐकलेला पोरगा मागच्या बाकावर होता, शेवटपर्यंत काही बोलला नाही. घंटा झाल्यावर वही दप्तरात कोंबत माझ्यापाशी आला.

"मॅडम, मग त्याच्या माणसांना तो महिन्याचा पगार मिळाला का?"

"नाही," मी म्हटलं.

तो मान डोलावून मैदानाकडे पळाला. त्याची बॉलिंग राहिली होती.